चहा स्वस्त झाला, तरी समुद्रात का फेकला?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)

आरतीनंतर चहा झाला आणि लगेच मला बोलायला उभे केले, म्हणून चहापासूनच सुरुवात करतो. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री अमेरिकेतल्या बॉस्टन बंदरात काही लोक जहाजांवर चढले आणि त्यांनी चहाच्या ३४२ पेट्या फोडून पाण्यात रिकाम्या केल्या. हा चहा चीनमधला, पण मालक ईस्ट इंडिया कंपनी. तीच आपल्या ओळखीची कंपनी!

करवाढीमुळे अमेरिकन चिडले, असे आपण शाळेत शिकलो. पण त्या वर्षीच्या कायद्याने चहा महाग नव्हे, उलट स्वस्त होणार होता. मग तो फेकला का? सगळे युद्ध या एका प्रश्नात आहे.

१७६३ मध्ये इंग्लंडने फ्रान्सविरुद्धचे सात वर्षांचे युद्ध जिंकले, पण कर्ज जवळजवळ दुप्पट झाले. अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी त्याचा काही भार उचलावा, असे लंडनला वाटले. १७६५ मध्ये मुद्रांक कायदा आला. दस्तऐवज, वर्तमानपत्रे, इतकेच काय, पत्त्यांच्या जोडावरही कर बसला. वसाहतींचे म्हणणे सरळ होते : पार्लमेंटात आमचा एकही प्रतिनिधी नाही, तेव्हा आमच्या खिशात हात घालण्याचा तिला अधिकार नाही. वर्षभरात कायदा मागे घेतला गेला. पुढे काच, कागद, रंग, चहा यांवर जकात बसवली, तीही १७७० मध्ये उठवली. फक्त चहावरची ठेवली, रत्तलामागे तीन पेन्स. पैशासाठी नव्हे, हक्क शाबूत राहावा म्हणून.

इकडे कंपनी कर्जात बुडाली होती आणि गोदामांत चहा पडून होता. तिला वाचवण्यासाठी तो थेट अमेरिकेत स्वस्तात विकण्याची मुभा दिली गेली. लोकांनी डाव ओळखला. स्वस्त चहा प्यायला म्हणजे तीन पेन्सांचा हक्क कबूल केला! म्हणून पेट्या पाण्यात गेल्या.

लंडनने बॉस्टन बंदर बंद केले. शिक्षा एका गावाला झाली, पण जागे सगळे झाले. १७७४ मध्ये फिलाडेल्फियात वसाहतींची काँग्रेस भरली. १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टन येथे गोळी सुटली आणि ४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला.

जॉर्ज वॉशिंग्टनने लढाया जिंकल्या त्याहून जास्त गमावल्या. पण सैन्य मोडू दिले नाही. व्हॅली फोर्जच्या छावणीत १७७७-७८ च्या हिवाळ्यात सुमारे दोन हजार माणसे रोगराईने गेली, तरी छावणी उठली नाही. त्याआधी ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगा येथे एक अख्खी इंग्रज फौज शरण आली होती. ते पाहून फ्रान्स उघडपणे मदतीला आला. शेवटी यॉर्कटाउन येथे जमिनीवरून वॉशिंग्टन व फ्रेंच फौज आणि समुद्रात फ्रेंच आरमार, अशा कोंडीत लॉर्ड कॉर्नवॉलिस सापडला. १९ ऑक्टोबर १७८१ ला त्याच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. १७८३ च्या पॅरिस तहाने स्वातंत्र्य मान्य झाले.

याच काळात आपल्याकडे काय चालले होते? १७७५ मध्येच पहिले इंग्रज-मराठा युद्ध सुरू झाले होते. ऑगस्ट १७८० मध्ये पॉपहॅमने आपला ग्वाल्हेरचा किल्ला रातोरात घेतला. आणि मे १७८२ मध्ये, इथून जवळच सालबाई येथे, महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने तह झाला. तिकडे यॉर्कटाउन होऊन तेव्हा सातच महिने झाले होते.

आणखी एक गोष्ट. तो पराभूत कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. संमतीशिवाय कर बसवू पाहणाऱ्या सरकारसाठी अमेरिकेत लढून तो हरला होता. त्यानेच १७९३ मध्ये बंगालचा शेतसारा कायमचा ठरवून टाकला. कुळांना कुणी विचारलेही नाही.

अमेरिकेचे कौतुक करताना तिचे वैगुण्यही सांगितले पाहिजे. 'सर्व माणसे समान' असे लिहिणारा जेफर्सन स्वतः गुलामांचा मालक होता. वसाहतींत साधारण पाचात एक माणूस गुलाम होता. त्यांची सुटका व्हायला १८६५ साल उजाडले, आणि स्त्रियांचा मताधिकार देशभर मान्य व्हायला १९२०. ज्यांनी संमतीचा प्रश्न विचारला, त्यांनी तो आपल्याच घरातल्यांना विचारला नाही.

तरीही प्रश्न खरा होता. कर किती, हे नंतर; कुणाच्या संमतीने, हे आधी. लोकमान्यांनी ज्या उत्सवाला सार्वजनिक बळ दिले, त्याच्या मांडवात बसून हा प्रश्न आठवणे अप्रस्तुत होणार नाही. देशाच्या कारभारात तो विचारावाच. पण आपल्या घरात आणि आपल्या मंडळातही, ज्यांच्या वतीने आपण ठरवतो, त्यांना एकदा विचारले आहे का, एवढे पाहावे.

गणपती बाप्पा मोरया!