कॉलेजचें पहिलें वर्ष आणि मैदान

जून संपतां संपतां कॉलेजें भरूं लागतात आणि कित्येक घरीं एका नव्या विद्यार्थ्याविषयीं बोलणें सुरू होतें. हा मुलगा शाळेंत धांवण्याच्या शर्यतींत पहिला येत असे. जिल्ह्यांत त्याचें नांव होतें. बारावीला गुणही बरे पडले. आतां तो सायन्सच्या पहिल्या वर्षांत दाखल झाला आहे. पहिल्याच आठवड्यांत जिमखान्याच्या फलकावर निवडचांचणीची सूचना लागते, तो नांव देऊन येतो, आणि रात्रीं जेवतांना वडील विचारतात, "धांवून पुढें काय करणार?" आई कांहीं बोलत नाहीं, पण वाढतांना तिच्याही मनांत तोच प्रश्न असतो. विद्यार्थिनी असेल तर याला आणखी दोन उपप्रश्न जोडले जातात, आणि त्यांचा अभ्यासाशीं कांहींएक संबंध नसतो.

वडिलांचा हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. फक्त तो ज्या रीतीनें विचारला जातो ती रीत चुकते. अभ्यास कीं खेळ, अशीं दोन पारडीं धरलीं म्हणजे मुलाला त्यांतलें एक खालीं टाकावेंच लागतें. खरें विचारावयाचें तें हें, कीं खेळाचें आयुष्य किती वर्षांचें, पोटापाण्याच्या व्यवसायाचें किती, आणि पहिलें दुसऱ्याच्या आंत कोठें बसवावयाचें? या हिशोबाचें एक स्वच्छ उदाहरण इंग्लंडांत घडलें.

रॉजर बॅनिस्टर १९४६ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजांत वैद्यकाच्या अभ्यासासाठीं दाखल झाला. तोंपर्यंत त्यानें खिळ्यांचे बूट पायांत घातले नव्हते, कीं आंखलेल्या धांवपट्टीवर पाऊल ठेवलें नव्हतें. आरंभीं त्याचा सराव म्हणजे आठवड्यांतून तीन वेळां अर्धा अर्धा तास. एवढ्यावर १९४७ सालीं तो ४ मिनिटें २४.६ सेकंदांत एक मैल धांवला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठीं संभाव्य खेळाडूंत त्याचें नांव निघालें, तेव्हां आपली अजून तयारी झालेली नाहीं म्हणून त्यानें नकार दिला. एकोणीस वर्षांच्या मुलानें स्वतःच्याच देशांत भरणारें ऑलिंपिक नाकारावें, ही गोष्ट त्याच्या पुढील विक्रमाइतकीच ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१९५२ सालीं हेलसिंकी येथें १५०० मीटरच्या शर्यतींत तो चौथा आला. पदक हुकलें. धांवणें सोडून द्यावें कीं काय, याचा त्यानें दोन महिने विचार केला आणि आणखी कांहीं काळ धांवावयाचें ठरविलें. तोंवर तो लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयांत शिकत होता. दुपारच्या जेवणाच्या सुटींत सराव करून पुन्हां कामावर हजर होई. ६ मे १९५४ रोजीं सकाळीं तो रुग्णालयांतच होता. तेथून आगगाडीनें ऑक्सफर्डला गेला आणि संध्याकाळीं ब्रॅशर व चॅटवे या दोघां मित्रांनीं पुढें राहून गति राखून दिल्यावर ३ मिनिटें ५९.४ सेकंदांत मैल पुरा केला. चार मिनिटांच्या आंत मैल धांवणारा तो पहिला पुरुष. सेहेचाळीस दिवसांतच ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीनें तो विक्रम मोडला. ऑगस्टमध्यें व्हँकुव्हरला बॅनिस्टरनें लँडीला हरविलें. आणि त्याच वर्षीं, पंचविसाव्या वर्षीं, कीर्ति ऐन भरांत असतांना, त्यानें स्पर्धा सोडल्या. पुढें तो मज्जासंस्थेच्या रोगांचा नामांकित वैद्य झाला. २०१८ सालीं तो वारला. खेळाला त्यानें आठ वर्षें दिलीं आणि वैद्यकाला उरलेलें सारें आयुष्य. पण त्या आठ वर्षांत खेळाची हयगय मात्र केली नाहीं.

आजच्या धांवपटूनें यावरून अर्ध्या तासाचा सराव पुरे, असें समजूं नये. मैलाचा विक्रम १९९९ पासून ३ मिनिटें ४३.१३ सेकंदांवर आहे आणि तेथवरचा रस्ता फार खडतर झाला आहे. बॅनिस्टरपासून घ्यावयाची ती कुंपण घालण्याची रीत. खेळाला किती वेळ आणि किती वर्षें, हें त्यानें स्वतः ठरविलें.

पण इंग्लंडमधील वैद्यकाच्या विद्यार्थ्याला तें साधलें म्हणून सर्वांनाच साधेल असें नाहीं. आपल्याकडील एका कॉलेज-विद्यार्थ्याची हकीकत निराळी आहे. खाशाबा जाधव हे कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे. टिळक हायस्कूलमधून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत आले. अंगकाठी लहान, म्हणून कॉलेजच्या कुस्तींत प्रथम त्यांना घेत नव्हते आणि प्राचार्यांकडे जाऊन त्यांनीं परवानगी मिळविली, असें सांगतात. १९४८ सालीं ते लंडनला गेले. मातींत वाढलेला हा मल्ल तेथें गादीवर उतरला, आणि तरीहि आपल्या वजनांत सहावा आला. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यासाठीं पैसा जमेना, तेव्हां प्राचार्य खर्डीकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट कोल्हापुरांत आजहि सांगितली जाते. त्या ऑलिंपिकांत खाशाबांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक पदक.

आतां पुढील तारखा पहाव्या. पोलिसांत फौजदाराची नोकरी लागली ती १९५५ सालीं, म्हणजे पदकानंतर तीन वर्षांनीं. १९८४ सालीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा. तो घेण्यास ते नव्हते. मिरवणुकीच्या गुलालाचा रंग किती दिवस टिकतो, हें ज्यानें ठरवावयाचें त्यानें या तारखा वाचाव्या. येथें खाशाबांचें कांहींच चुकलें नाहीं. कमी पडले ते भोंवतालचे. एका प्राचार्यानें घर गहाण टाकावें लागतें, याचा अर्थच असा, कीं ज्यांनीं खर्च करावयाचा त्यांनीं तो केला नाहीं.

आज स्थिति कांहींशी सुधारली आहे. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठीं पांच टक्के जागा राखीव असतात. २०२० पासून विद्यापीठांसाठीं खेलो इंडियाचे सामने भरूं लागले. तथापि राखीव जागेसहि बहुधा पदवी लागते, आणि पदवीसाठीं पहिल्या वर्षाचे विषय सुटावे लागतात. प्राध्यापक दि. ब. देवधर पुण्यास संस्कृत शिकवीत आणि क्रिकेट खेळत, आणि बावन्नाव्या वर्षीं एकाच सामन्यांत त्यांनीं दोन्ही डावांत शतकें काढलीं; पण असा व्यवसाय आणि अशी प्रकृति जुळून येणें विरळा.

तेव्हां त्या पहिल्या वर्षाच्या मुलानें काय करावें? त्याचें वर्ष बहुधा मैदानावर बुडत नाहीं. तें बुडतें प्रयोगाच्या जर्नलांत. पावसाळा ओसरतां ओसरतां आंतरमहाविद्यालयीन सामने येतात आणि त्याच सुमारास पहिल्या सत्राची परीक्षाहि येते. मुलगा सामन्यासाठीं चार दिवस बाहेर जातो, दोन प्रयोग चुकतात, परत आल्यावर तो संकोचानें प्राध्यापकांकडे जात नाहीं; दोनांचे पांच होतात, मग हजेरी कमी भरते आणि टर्म मिळेनाशी होते. यावर उपाय एवढाच, कीं परवानगीचें पत्र घेऊन त्यानें सामन्याच्या आधीं प्राध्यापकांना भेटावें आणि चुकणारे प्रयोग कोणत्या तुकडीबरोबर करावयाचे तें तेव्हांच ठरवून घ्यावें. प्राध्यापक मंडळी आधीं आलेल्या मुलाला सहसा नाहीं म्हणत नाहींत. मागाहून आलेल्याला मात्र सारा नियम ऐकवितात.

दुसरें, झोंप. पहांटे पांचला मैदानावर जाणारा मुलगा रात्रीं बारापर्यंत दिव्याखालीं बसला, तर अभ्यासहि होत नाहीं आणि स्नायूंची झीजहि भरून निघत नाहीं. दहाला दिवा मालवावा; अभ्यासाला दुपारचे रिकामे तास घ्यावे. ते तास कँटीनमध्यें किती जातात याचा हिशोब कोणी ठेवीत नाहीं.

आणि पुढचें काय, हें पहिल्याच वर्षीं ठरविण्याची सक्ति घरानें करूं नये. तें वर्ष मोजमापाचें समजावें. मुलानें एका वहींत सरावाच्या वेळा, शर्यतींतील सेकंद आणि चुकलेले तास लिहून ठेवावे. दुसऱ्या वर्षाच्या जूनमध्यें ती वही आणि दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका पुढ्यांत घेऊन बाप-लेकांनीं बसावें. आईनेंहि बसावें, सेकंद कमी झाले कीं नाहीं, हें तिलाहि वाचतां येतें.