जुने घर, बाग आणि आपली सही

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



भाषण करण्याचा मला सराव नाही. सातवीपर्यंत शिकले, पुढे चूल आणि मुले यांतच दिवस गेले. पण चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा माझ्या तोंडून चटकन निघाले, "आपल्याकडची जुनी घरे विकायला निघाली आहेत, त्यावर बोलते." हा विषय आज मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत घरोघर शिजतो आहे, आणि त्यात आपल्या बायकांना कोणी विचारीत नाही. विचारतात ते फक्त सहीच्या दिवशी.

जाहिरात आपण सगळ्यांनी वाचलेली असते. 'विकणे आहे. जुन्या बांधणीचे चिरेबंदी घर, माडापोफळीच्या बागेसह, बारमाही विहीर, समुद्र जवळ.' दोन ओळींत घर संपते. त्या दोन ओळींत काय काय आले, ते आधी पाहू.

जांभ्या चिऱ्याचा उंच जोता, पुढे खळे, खळ्यात तुळस. मग लोटा, ओटी, माजघर, देवघर, मागची पडवी. फणसाचे खांब, वर नळे किंवा मंगलोरी कौले. ही कौले तरी मूळची आपली कुठे? 1865 साली मंगलोरात बासेल मिशनने पहिला कारखाना काढला, तेव्हापासून ती गलबतातून किनाऱ्याने वर आली आणि आपल्या घरांवर चढली.

आणि बाग. शहरातल्या माणसाला बाग म्हणजे हिरवळ आणि फुलांचे वाफे. आपली बाग तशी नसते, पण तिलाही आखणी असते. वरच्या अंगाला झरा किंवा बाव, तिथून उतारावर पाट. पाटाच्या कडेने पोफळी, पोफळीवर मिरीचे वेल, मधल्या सावलीत केळी, खाली माड. न्हाणीचे पाणी अळवाला आणि केळीला. कुंपणाशी कोकम, दारात अनंत, वाटेवर सुरंगी आणि ओवळ. एका झाडाची सावली दुसऱ्याच्या उपयोगी पडावी असे ठरवून आजेसासऱ्यांच्या पिढीने हे लावले. सावंतवाडीच्या बाजूला याला कुळागर म्हणतात. अशी बाग पैसे ओतून एका वर्षात होत नाही. पोफळ धरायलाच पाच-सात वर्षे लागतात.

मग अशी घरे विकतात का? विकणाऱ्यांना नावे ठेवणे सोपे आहे. मी ठेवणार नाही. पाच भावंडे, त्यातली चार मुंबईला. पावसाळ्यापूर्वी नळे परतायला माणूस मिळत नाही, माडावर चढायला पाडेली मिळत नाही. वानर केळी ठेवीत नाहीत. वाळवी खांबाला लागते. गणपतीला आठ दिवस कुलूप निघते आणि पुन्हा लागते. बंद घर चार पावसाळ्यांत खचते. अशा वेळी कोणी रोख पैसे घेऊन दारात उभा राहिला, तर माणसाचे मन होणारच.

मोठ्या घरांचेही असेच होते. मुंबईला मलबार हिलवर डॉ. होमी भाभांचा 'मेहरानगीर' बंगला होता. भाभा 1966 साली विमान अपघातात गेले. बंगला त्यांच्या भावाकडे राहिला आणि भावाच्या पश्चात एन.सी.पी.ए. या कलासंस्थेकडे आला. संस्थेने 2014 साली लिलाव केला, 372 कोटी रुपये आले. हे स्मारक करा म्हणून शास्त्रज्ञांनी मागणी केली, प्रकरण कोर्टातही गेले. तरी 2016 साली बंगला पाडला गेला. उलट लंडनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकत असताना 1921-22 साली ज्या घरात राहिले, ते विक्रीला निघाल्यावर 2015 साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतले. आज तिथे स्मारक आहे. आणि आपल्या सावंतवाडीचा राजवाडा पाहा. तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला, मोती तलावाच्या काठचा. राजघराण्याने तो विकला नाही. राणी सत्त्वशीलादेवींनी तिथे गंजिफाची कला पुन्हा उभी केली, कारागिरांना काम दिले, आणि पुढे राजघराण्याने वाड्याचा काही भाग पाहुण्यांना राहण्यासाठी उघडला.

म्हणजे जुन्या घराच्या तीन गती झाल्या. पडणे, लोकांनी विकत घेणे, किंवा घरच्यांनीच थोडे उघडून उरलेले राखणे. आपल्या घरासाठी सरकार धावून येणार नाही. तेव्हा जे ठरायचे ते भावंडांतच ठरते, आणि म्हणून मी कायद्याकडे वळते.

1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वारसा दिला, पण राहत्या घराला एक अट घातली होती. भाऊ वाटणी करीत नाहीत तोवर मुलीने त्या घराची वाटणी मागायची नाही. महाराष्ट्राने 1994 साली मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांबरोबर धरले. मात्र त्या वर्षाच्या 22 जूनपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर नवी दुरुस्ती आली, तिने घराची अट काढली आणि लग्न झालेली, न झालेली असा भेदही काढला. वडील त्या तारखेला हयात असले पाहिजेत की काय, यावर वाद चालला होता. 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तशी गरज नाही, मुलीचा हक्क जन्माचा आहे. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री मात्र यामुळे मोडत नाही. आपल्यातल्या ख्रिस्ती आणि मुसलमान भगिनींचे वारशाचे नियम वेगळे आहेत. त्यांनी ते जाणकाराकडून समजून घ्यावेत.

याच कायद्याचे 22 वे कलम फार थोड्यांना ठाऊक असते. बापाच्या मागे मुलांना मिळालेल्या मिळकतीतला आपला हिस्सा एका वारसाला विकायचा असेल, तर तो घेण्याचा पहिला मान बाकीच्या वारसांचा. किमतीवर एकमत झाले नाही तर किंमत कोर्ट ठरवते. शेतजमिनीलाही हे लागू आहे, असे 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. शिवाय आपल्या राज्यात शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून घेता येत नाही. बाग ही शेतजमीनच.

आता माझेच सांगते. माझ्या माहेरच्या घराला गिऱ्हाईक आले आहे. आम्ही तीन भाऊ, दोन बहिणी. वडील जाऊन बारा वर्षे झाली, आई गेल्या वर्षी गेली. थोरला भाऊ शिमग्याला आला तो हक्कसोडीचा कागद घेऊनच. म्हणाला, "बाय, पाच हिश्श्यांचा घर, कोण सांभाळतलो? सही कर, मगे तुमकाय काय ता देतलंव." भाऊ वाईट नाही. माझ्या बाळंतपणात त्याने मुंबईहून पैसे पाठवले होते. म्हणून मी भांडले नाही. म्हटले, "दादा, कागद ठेवून जा. वाचते आणि सांगते."

तीन दुपारी बसून वाचला. त्यात नुसते घर नव्हते. बाव होती, झऱ्याचा पाट होता, आणि ज्या पाणंदीने वाडीतली चार घरे पाणी नेतात ती पाणंदही होती. किंमत गुंठ्यावर लावलेली, झाडांची मोजदाद शून्य. धाकटी बहीण आली तेव्हा आम्ही दोघी वही घेऊन बागेत फिरलो. माड एकतीस, धरत्या पोफळी एकशेचाळीस, मिरीचे वेल बावीस, कोकमे सहा, हापूसची कलमे अकरा. दर झाडापाशी आईची आठवण होती. कोकमाची साले रसात बुडवून उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, हे आईने चाळीस उन्हाळे केले. झाप विणले, मिरी वेचली, पाट साफ केला. सातबाऱ्यावर तिचे नाव वडील गेल्यावर चढले, तेही इतर वारसांच्या खाली. तिच्या कष्टाचा आकडा कोणत्याच कागदावर नाही.

आम्ही भावांना कळवले आहे की घर विकण्याला आमची ना नाही. पण बाव, पाट आणि कुळागर एवढा तुकडा आमच्या दोन हिश्श्यांत धरा, आणि वर काही रक्कम निघाली तर आम्ही भरू. मी माझ्या दोन पाटल्या बाजूला काढल्या आहेत. पाणंद वाडीची वाडीला राहील. दोघे भाऊ कबूल आहेत. थोरला म्हणतो, तुकडा तोडला तर गिऱ्हाईक जाईल. बोलणे अजून चालू आहे. माहेर तुटेल ही भीती मलाही आहे. रात्री झोप लागत नाही ती पैशासाठी नव्हे. पण न विचारता सही करून राखलेले माहेर किती दिवस गोड लागेल, हेही मनात येते.

भगिनींनो, म्हणून एवढेच सांगते. सहीचा कागद आला की त्याची प्रत मागा आणि ती घरी नेऊन वाचा. सातबारा आणि ग्रामपंचायतीचा घराचा असेसमेंटचा उतारा काढा. सातबारा आता संगणकावरही दिसतो, मुलांना सांगा. बागेत फिरून झाडे, पाणी, वाट, देवाचे ठिकाण सगळे वहीत लिहा. मग सही करावीशी वाटली तर आनंदाने करा; भावाला हिस्सा सोडणे हाही तुमचाच हक्क आहे. तो समजून सोडलेला असावा. नोंदणी कचेरीत अंगठ्याचा ठसा एकदा उमटला की तो परत घेणे फार कठीण.

आणि मंडळाला माझी विनंती आहे. आपण पाककृतींची वही ठेवतो, तशीच एक वही आपापल्या माहेरच्या आणि सासरच्या बागांची ठेवू. कोणाकडे कोणते झाड, कोणी लावले, पाणी कुठून येते. घर विकले गेले तरी निदान कलमाची काडी, मिरीचा तुकडा, सुरंगीचे रोप दुसऱ्या परसात जाईल.