भाट आणि शेजारी

बाजारातील मालाची स्तुती दोन मुखांनी होत असते. एक भाटाच्या आणि दुसरे शेजाऱ्याच्या. भाट दरबारात राजाची बिरुदे गात असे. त्याचे वर्षासन राजाच्याच खजिन्यातून येते, हे सभेतील प्रत्येकास ठाऊक असल्यामुळे त्याच्या स्तुतीतून किती वजा करावयाचे याचा हिशेब ऐकणारा मनातल्या मनात करून टाकी. शेजाऱ्याच्या बाबतीत अशी वजाबाकी कोणी करीत नाही. इतवारीतील अमक्या दुकानची तूरडाळ लवकर शिजते, असे शेजारीण सांगते तेव्हा त्यात तिचा काही लाभ नसतो, आणि म्हणूनच तिच्या शब्दाला किंमत असते. आजच्या कंपन्या समाजमाध्यमांच्या द्वारे जो व्यवहार करू लागल्या आहेत, त्याचे मर्म एवढेच की, त्यांना भाटाऐवजी शेजारी विकत हवा आहे.

जाहिरात ही गोष्ट मुळात निंद्य नव्हे. मूळचे नागपूरचे किराणा व्यापारी केशव विष्णु पेंढरकर यांनी मुंबईस जाऊन १९५२ साली 'विको' हा व्यवसाय उभा केला, त्या वेळी त्यांचे दंतमंजन दारोदार हिंडून विकले जात असे. पुढे दूरदर्शनचे दिवस आले आणि १९८४ साली 'ये जो है जिंदगी' ही मालिका याच कंपनीच्या आश्रयाखाली घरोघर पाहिली गेली. दारावर आलेला मनुष्य विक्रेता आहे हे गृहिणीस दिसत होते, आणि मालिकेपूर्वीचे गाणे ही जाहिरात आहे हे लहान मुलालाही कळत होते. स्तुती होती, अतिशयोक्तीही असेल. परंतु भाटाने आपला वेष लपविला नव्हता.

वेष बदलण्याची युक्ती आंतरजालाबरोबर आली. १९९६ साली पुण्याच्या बिशप्स शाळेत काही काळ शिकलेले सबीर भाटिया यांनी जॅक स्मिथ या सहकाऱ्यासह अमेरिकेत 'हॉटमेल' ही विनामूल्य टपालसेवा सुरू केली. तिच्याद्वारे जे पत्र जाई त्याच्या तळाशी, अशी टपालपेटी आपणांसही फुकट मिळेल, अशा आशयाची एक ओळ आपोआप छापली जाई. मजकूर मित्राचा, सही मित्राची आणि खाली जाहिरात कंपनीची! दीड वर्षात सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी ही सेवा घेतली. १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्ट कंपनीने ती विकत घेतली, आणि त्याच सुमारास अशा प्रसारास 'व्हायरल मार्केटिंग' हे नाव रूढ झाले. साथीचा रोग पसरावा तसा हा प्रसार, म्हणून हे नाव. त्यातील गणित शाळकरी मुलासही उमगेल. एकाने तिघांस सांगावे, त्या प्रत्येकाने आणखी तिघांस सांगावे. दहाव्या खेपेस एकट्या त्या खेपेत ऐकणारे ५९,०४९ भरतात, आणि कंपनीस पहिल्या माणसापुरताच खर्च येतो.

याच मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक बिल गेट्स यांच्यामुळे नागपूरकरांना या विद्येचा चमत्कार घरबसल्या पाहावयास मिळाला. सदर भागात टपरी लावणारा एक चहावाला, डॉली या नावाने ओळखला जाणारा, आपल्या विलक्षण केशरचनेमुळे, रंगीत चष्म्यामुळे आणि उंचावरून दुधाची धार सोडण्याच्या ढबीमुळे अगोदरच लोकांच्या भ्रमणध्वनींतून गाजू लागला होता. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर गेट्स यांनी स्वतःच्या इन्स्टाग्रामवर एक चित्रफीत प्रसिद्ध केली. तीत ते या चहावाल्याजवळ एक चहा मागताना दिसतात. चित्रण हैदराबादेस झाले होते. समोरचा गृहस्थ कोणी परदेशी पाहुणा आहे एवढेच आपणांस वाटले. तो कोण होता हे दुसऱ्या दिवशी नागपूरला परतल्यावर कळले, असे त्याने नंतर वृत्तसंस्थेस सांगितले. जगभर कोट्यवधी लोकांनी ती फीत पाहिली. पुढे २०२५ साली 'डॉली की टपरी' या नावाने गावोगावी शाखा देण्याची योजनाही जाहीर झाली.

एका कष्टाळू टपरीवाल्याचे भाग्य उजळले, याचा नागपुरास आनंदच वाटावा. तथापि या प्रसंगात एक बोधही आहे. चहा ओतणाऱ्यास आपण कोणाच्या प्रसिद्धीचा भाग होत आहोत याची कल्पना नव्हती. ती फीत मित्रांस धाडणाऱ्या लाखो लोकांसही ती नव्हती. त्यांना गंमत वाटली आणि त्यांनी ती पुढे पाठविली. गंमत वाटणे व पुढे पाठविणे, या दोन क्रियांच्या मधल्या क्षणावरच आज मोठमोठ्या जाहिरातसंस्थांची नजर असते.

हा क्षण विकत घेण्याच्या रीती अनेक आहेत. ज्यांच्या मागे मोठा अनुयायीवर्ग आहे अशांस, ज्यांना इन्फ्लुएन्सर म्हणतात, पैसे दिले जातात. लहानांस फुकट साबण, फुकट कपडे किंवा एखाद्या विश्रामस्थानी दोन दिवसांचा पाहुणचार पुरतो. प्रत्येकास सवलतीचा निराळा संकेतांक मिळतो, म्हणजे कोणाच्या शिफारशीने किती माल खपला याची नोंद आपसूक राहते. बक्षिसाची स्पर्धा लावून, तीन मित्रांची नावे जोडा, अशी अट घातली जाते. तेव्हा स्पर्धक फुकटचा फेरीवाला बनतो. याहून हीन प्रकार म्हणजे विकतचे अनुयायी आणि विकतचे अभिप्राय. माल न पाहिलेला मनुष्य त्यास पाच तारे देऊन मोकळा होतो.

हा प्रश्न केवळ साबण-पावडरीचा असता तर चार रुपयांच्या नुकसानीवर भागले असते. परंतु याच मार्गाने वजन उतरविणारी चूर्णे, मधुमेहावरील अक्सीर इलाज आणि रोख्यांच्या बाजारातील हमखास नफ्याची आमिषे घरात शिरतात. निवृत्त मनुष्याची भविष्यनिर्वाह निधीची शिल्लक किंवा रुग्णाचे चालू औषध अशा एका गोड शिफारशीपायी सुटते, तेव्हा ती हानी भरून येत नाही.

कायद्याने याची दखल घेतली आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैत अमलात आला व त्याअन्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. खोट्या वा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास आणि शिफारस करणाऱ्यासही १० लाख रुपयांपर्यंत, व पुन्हा अपराध घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार त्यास आहे. शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत, आणि पुनरपराधी असल्यास तीन वर्षांपर्यंत, बंदीही घालता येते. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने याविषयी सुबोध मार्गदर्शन प्रसिद्ध केले. पैसा, फुकट वस्तू, प्रवास, नोकरी वा नाते, यांपैकी कोणताही संबंध असल्यास तो शिफारशीच्याच भाषेत आणि ठळकपणे सांगितला पाहिजे. चित्रफितीत तो दिसलाही पाहिजे व ऐकूही आला पाहिजे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली स्वतंत्र मानक तयार केले, आणि नोंदणी नसताना गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यांशी आपल्या नियंत्रणाखालील संस्थांनी संबंध ठेवू नये, असा नियम सेबीने २०२४ साली केला.

थोडक्यात, कायद्याचे म्हणणे इतकेच की, भाटाने भाटाचाच वेष घालावा. परंतु कायद्याचा हात मोठ्या नावांपर्यंत पोचतो. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात मामींनी पाठविलेल्या चित्रफितीपर्यंत तो कसा पोचणार? तेथे पहारा घरच्यांनीच ठेवावयाचा. कोणतीही शिफारस आली असता तीन प्रश्न विचारावेत. सांगणाऱ्याने ही वस्तू स्वतः पैसे देऊन घेतली आहे काय? माल खपल्यास त्याला काही मिळते काय? आणि माल वाईट निघाल्यास त्यास तोंड दाखविण्याची लाज वाटेल काय? शेजारणीच्या तूरडाळीबाबत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तत्काळ मिळतात, कारण ती दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटावयाची असते. पडद्यावरील गोड बोलणारा जिन्यात कधी भेटत नाही.

आणि पुढे पाठविण्याचे बटण दाबण्यापूर्वी चौथा प्रश्न स्वतःस विचारावा. हे वाचणारा कंपनीवर विश्वास ठेवणार नाही, तो पाठविणाऱ्यावर ठेवील. चुलतभावाने गुंतवणूक केली ती काकांनी पाठविले म्हणून केली, असे होऊ शकते. मग पैसे बुडाल्यावर दिवाळीच्या फराळाला दोघे एका पंगतीत बसतील की नाही, याची चिंता कंपनीस नसते. ती काकांनीच आधी वाहिली पाहिजे.