राखीव ठेका, पण दर कोणाचा?

(माजी सैनिक मेळाव्यात दांडिया बाजार येथे केलेले भाषण)



माजी सैनिकांवर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. हार घालतात, शाल देतात, 'जय जवान' म्हणून टाळ्या वाजतात. मी आज पगारपत्रकाविषयी बोलणार आहे. त्यामुळे कोणाला शाल परत मागावीशी वाटली, तर माझी हरकत नाही.

गायकवाडांच्या काळापासून वडोदऱ्याच्या मराठी घरांत फौजेची परंपरा आहे. ई.एम.ई. स्कूलमुळे आजही गावात हिरवी वर्दी दिसते. जवान चाळिशीच्या आसपास घरी येतो. मुले शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात आणि पेन्शन पुरत नाही. मग बहुतेकांच्या वाट्याला येते ती गेटवरची नोकरी. मी स्वतः फौजेत लेखनिक होतो. निवृत्तीनंतर अकरा वर्षे एका माजी सैनिकाच्या सुरक्षा एजन्सीत बिले बनवली, म्हणून हा विषय मला आकड्यांत कळतो.

संरक्षण मंत्रालयाच्या हाताखाली पुनर्वसन महासंचालनालय आहे, ज्याला आपण डी.जी.आर. म्हणतो. केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांना रखवालदार हवे असले, की हे कार्यालय माजी सैनिकांच्या एजन्सींची नावे सुचवते. ९ जुलै २०१२ रोजी त्याची सविस्तर नियमावली निघाली. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की येथे दराची बोली नाही. रोजचे वेतन केंद्राच्या मुख्य कामगार आयुक्तांच्या अधिसूचनेप्रमाणे. त्यावर भविष्यनिर्वाह निधी, विमा, बोनस, गणवेश, आणि साप्ताहिक सुटीच्या दिवशी उभ्या राहणाऱ्या बदली माणसाचा सहावा हिस्सा. शेवटी एजन्सीचे १४ टक्के सेवाशुल्क. जानेवारी २०१७ मध्ये मूळ दर नव्याने ठरले, तेव्हा वडोदरा 'ब' वर्गात होते. बिनहत्यारी रक्षकाला दिवसाला ५७९ रुपये, हत्यारी रक्षकाला ६३७. त्यावर दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये महागाई भत्ता.

ऐकायला सरळ वाटते. मग भांडण कुठे होते? मी पाहिलेले सांगतो, कंपनीचे नाव घेणार नाही.

४० रक्षकांचा ठेका होता. लेखा विभाग म्हणाला, १४ टक्के फक्त मूळ वेतनावर देऊ, बदली माणसाच्या हिश्श्यावर नाही. आता हिशेब करा. ५७९ गुणिले २६ म्हणजे १५,०५४ रुपये. त्याचा सहावा हिस्सा २,५०९. त्यावरचे १४ टक्के म्हणजे दर माणशी महिना ३५१ रुपये. चाळीस माणसांचे वर्षाला सुमारे १ लाख ६८ हजार होतात. साहेबांच्या टेबलावर ही एक रेघ होती. आमच्याकडे तो वर्षाच्या गणवेशाचा खर्च होता.

दुसरे भांडण महागाई भत्त्याचे. ऑक्टोबरात भत्ता वाढला. कंपनी म्हणाली, ठेक्याची रक्कम दोन वर्षांसाठी मंजूर आहे, वाढीव रकमेची फाईल वर पाठवली आहे. फाईल वर गेली ती फेब्रुवारीपर्यंत खाली आली नाही. रक्षकाला मात्र वाढीव वेतन महिन्याच्या महिन्याला द्यायचे असते, नाहीतर कायदा एजन्सीला धरतो. आमच्या मालकांनी, ते निवृत्त मेजर होते, बायकोचे दागिने गहाण ठेवले. सगळेच मालक असे करत नाहीत. काहीजण रक्षकालाच 'थांब' सांगतात, आणि ज्याने सीमेवर थांबायची सवय लावून घेतली आहे तो थांबतो.

खरेदी अधिकाऱ्यांचीही एक बाजू आहे, ती टाळून चालणार नाही. ते म्हणतात, "बाहेर हाच रखवालदार कमी पैशांत मिळतो. उद्या ऑडिटवाल्याने विचारले, जादा का दिले, तर उत्तर कोण देणार?" प्रश्न रास्त आहे. पण बाहेरचा तो स्वस्त दर बनतो कसा, हेही कोणीतरी विचारायला हवे. खुल्या निविदांत सेवाशुल्क शून्य लिहिणारे इतके झाले, की २८ जानेवारी २०१४ रोजी अर्थ मंत्रालयाला पत्रक काढून सांगावे लागले, शून्य शुल्काची निविदा ग्राह्य धरू नका. मग लोक शून्याऐवजी एक पैसा लिहू लागले! एका पैशावर कोणी धंदा करतो का? तो बारा तास उभे करून आठ तासांचा पगार देतो, निधी कापतो आणि भरत नाही, नोकरी लावायचे पैसे घेतो. कमी दर म्हणजे पुष्कळदा रक्षकाच्या खिशातून काढलेले पैसे.

आता आपल्या घरातली धूळ. राखीव ठेक्यात सही साहेबांची आणि गल्ला दुसऱ्याचा, असे प्रकार झाले आहेत. हजेरीपटावर तीस आणि गेटवर बावीस हेही मी पाहिले आहे. बँकेत पूर्ण पगार जमा करून त्यातले दोन हजार रोखीने परत घेणारे आपलेच लोक होते. अशांमुळे खरेदी अधिकाऱ्याला 'हे महाग आणि शिवाय खोटे' म्हणायची सोय होते. आपण यावर गप्प बसलो, तर दरासाठी भांडायला आपल्याला तोंड राहणार नाही.

हा तंटा फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत २००६ च्या कायद्याने माजी सैनिकांच्या व्यवहार खात्याला सांगितले, की किमान दोन माजी सैनिकांचे उद्योग बोली देतील आणि काम रास्त व वाजवी किमतीत होईल अशी अपेक्षा असेल, तर ठेका त्यांच्यासाठीच राखून ठेवा. खाते पळवाट काढत होते. १६ जून २०१६ रोजी किंग्डमवेअर नावाच्या छोट्या कंपनीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी निकाल दिला, की ही सक्ती आहे, खात्याची मर्जी नव्हे. मला यात आवडते ते हे, की राखीवपणा आणि वाजवी किंमत एकाच वाक्यात बांधली आहे. आपल्याकडे राखीवपणा एका कागदावर, किंमत दुसऱ्या कागदावर आणि पैसे तिसऱ्याच्या टेबलावर.

म्हणून मत मागायला येणाऱ्या उमेदवारांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, तीन गोष्टी विचारायचे मंडळाने ठरवावे. महागाई भत्त्याची वाढ नव्या मंजुरीची वाट न पाहता ठेक्यात आपोआप धरली जाईल का? सेवाशुल्क कशावर, हे एका ओळीत स्पष्ट लिहून मिळेल का? आणि रक्षकाच्या दराचा तक्ता गेटवर मराठी, गुजराती, हिंदीत लावणार का? तिसरी मागणी सगळ्यांत स्वस्त आहे आणि तिलाच सर्वांत जास्त विरोध होईल, एजन्सीवाल्यांचासुद्धा.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करू. या सभागृहात गेटवर नोकरी करणारे बरेच जण बसले आहेत. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या कार्यालयात गेल्या तीन महिन्यांची पगारपत्रके आणि बँकेचे पासबुक घेऊन या. ज्यांना पगारपत्रक मिळतच नाही त्यांनी रिकाम्या हाताने या. मी वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसतो.