मधुमेही माणसाचे शिक्षण



मी डॉक्टर नव्हे. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि यंत्रमागावर उभा राहिलो. पुढे जे शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांतून आणि कामगारांच्या तोंडून. तरीही मधुमेहावर बोलावयास उभा आहे, कारण गेली अकरा वर्षे हा रोग मला आहे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा एक जुना सोबती बारा-बारा तास मागापुढे उभा असे. त्यालाही मधुमेह. एके दिवशी चपलेतला खिळा वर येऊन अंगठ्याला लागला. दुखले नाही, म्हणून त्याने पाहिले नाही. हे न दुखणे हेच खरे दुखणे होते! वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा बधिर होतात आणि जखम बोलत नाही. पुढे अंगठा कापावा लागला. इस्पितळात तो मला म्हणाला, "दादा, गोळी एक दिवस चुकवली नाही मी. पण पाय रोज बघायचा असतो, हे कुणी सांगितलंच नाही."

बंधूंनो, मला ते ठाऊक होते. त्याच्या मजुरीचा हिशेब मी दर पगाराला त्याला समजावून देत होतो. ही एक गोष्ट मात्र सांगितली नाही. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या चुकीची थोडीशी भरपाई समजा.

वर्षाचे तास होतात ८,७६०. त्यांतले डॉक्टरांसमोर आपण किती बसतो? फार तर दोन-तीन. उरलेल्या तासांत काय खावे, किती चालावे, गोळी केव्हा घ्यावी, हे रोग्यालाच ठरवावे लागते. बोस्टनच्या डॉ. जॉस्लिन यांनी हे फार पूर्वी ओळखले. १९१८ साली, इन्सुलिनचा शोध लागण्याआधीच, त्यांनी रोग्यांच्या हाती देण्यासाठी मधुमेहाचे पुस्तक लिहिले. १९२१ साली टोरांटोत इन्सुलिन सापडले आणि १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम रोग्याला टोचले गेले. त्याने शिक्षणाची गरज संपली का? उलट वाढली, कारण आता सुई घरच्या माणसाच्या हाती आली. १९९३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने दाखवून दिले की, साखर आटोक्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंड आणि नसा यांची हानी पुष्कळ टळते.

मग शिकावयाचे ते काय? पहिले, आपला अहवाल वाचणे. एचबीएवनसी ही तपासणी साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा ताळेबंद देते. पुष्कळांसाठी तो आकडा सात टक्क्यांच्या आत असावा असे मानतात. तुमचा किती, हे डॉक्टरांना विचारा. दुसरे, नुसती साखर सोडून भागत नाही. भात, भाकरी, पोहे यांचीही पोटात साखरच होते, म्हणून प्रमाण सांभाळावे. तिसरे, रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, चपलेत हात घालून मगच ती पायात घालावी. चौथे, साखर ७० च्या खाली उतरली तर हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस बरळतो. मागाशेजारचे म्हणतात, प्यायलेला दिसतोय! अशा वेळी, शुद्धीवर असेल तर, तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, तडक इस्पितळ गाठावे.

परंतु एक इशारा देतो. शिकवले म्हणजे बाकीच्यांची जबाबदारी संपली, असे कोणी समजू नये. रातपाळी करणाऱ्याला वेळेवर जेवा म्हणायचे आणि जेवणाची सुट्टी द्यायची नाही, हा कुठला न्याय? १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती ठरवली होती. तिचा अर्थ मधुमेही कामगाराला विचारा. ती अर्धी भाकरी त्याचे औषधच आहे. ज्ञान हवे, आणि ते वापरण्याची सवडही हवी. इन्सुलिन आणि तपासणीच्या पट्ट्या परवडायलाही हव्यात.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातल्या मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख सांगितली आहे. इतक्यांना शिकवायला डॉक्टर पुरणार नाहीत. जो शिकला त्याने शेजाऱ्याला शिकवावे. संघटना अशाच उभ्या राहतात.

आमच्या कचेरीत आता पगाराच्या दिवशी वीस मिनिटांचा वर्ग भरतो. औषधाच्या मात्रेला आम्ही हात लावत नाही. ते डॉक्टरांचे काम. पहिला धडा माझा तो सोबती देतो. तो बाकावर बसतो, चप्पल काढतो आणि पाय पुढे करून म्हणतो, "बघा, आणि घरी जाऊन स्वतःचा बघा." त्याच्याहून चांगला शिक्षक मला अद्याप भेटलेला नाही.