पचमढीची शेकोटी



परदेशात लोक हिवाळ्यात मित्रांसह बर्फाच्या डोंगरावर लाकडी घरात राहतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण पचमढी आहे. आपले वाडवडील महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढले. आम्ही मित्र डिसेंबरात छिंदवाडा-तामिया मार्गे जातो, सोबत आपली संत्री.

धूपगड म्हणजे सातपुड्याचे सर्वांत उंच शिखर, सुमारे १३५० मीटर. तिथला सूर्यास्त पाहून उतरेपर्यंत बोटे बधिर होतात. मग मुक्कामी अंगणात गोवऱ्या पेटवायच्या, विस्तवात रोडगे भाजायचे, सोबत वांग्याची भाजी आणि रात्रभर गप्पा.

आमच्यात निम्मे पांढुर्ण्याचे, निम्मे सावरगावचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून आम्ही एकमेकांवर दगड भिरकावलेले. एका रात्री शेकोटीशी एकाने कपाळावरची जुनी खूण दाखवली. समोरचा म्हणाला, "माझाच असेल तो दगड." सगळे हसलो. मग बराच वेळ कुणी बोलले नाही. त्यानेच गरम रोडगा फोडला, तूप घातले आणि खूणवाल्याच्या ताटात ठेवला.

गोटमारीला चंडीमातेच्या दर्शनाला आम्ही आजही जातो. पण त्या रात्रीनंतर आमच्यापैकी कुणी दगड उचललेला नाही.

गणपती बाप्पा मोरया!