चित्रांच्या दालनातले गाणे



कामगार संघटनेच्या माणसाने चित्रकलेवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आम्हालाही वाटले. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने आणि आगगाडीच्या डब्याने केले. तेव्हा जाणकार म्हणून नव्हे, पाहून आलेला माणूस म्हणून आम्ही बोलणार आहोत.

गेल्या हिवाळ्यात तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले पाच कामगार बोईसरहून लोकलने निघाले आणि आम्ही सफाळ्याला त्यांच्या डब्यात चढलो. मुंबईत काळा घोड्याच्या बाजूला एका कलादालनात नव्या अमूर्त चित्रांचे प्रदर्शन होते आणि संध्याकाळी तेथेच सारंगीवादन होते. दारात एकाने विचारले, "भाऊ, तिकीट किती?" तिकीट नाही म्हटल्यावर तो चपला काढू लागला. देवळाखेरीज फुकट आत सोडणारी एवढी स्वच्छ जागा त्याने पाहिली नव्हती.

आत गेल्यावर प्रश्न सुरू झाले. हे काय आहे? तो डोंगर का? ही होडी उलटी का? आम्हाला उत्तर येत नव्हते. इतक्यात सारंगी सुरू झाली. अर्धा तास ती माणसे भिंतीला टेकून ऐकत होती. त्यात शब्द नव्हता, कथा नव्हती, पण "भाऊ, हे काय आहे?" असे एकानेही विचारले नाही. तेव्हा आमच्या ध्यानात आले की, सुराला आपण जी मोकळीक देतो, ती रंगाला देत नाही. आलापात पाऊस कुठे आहे, असे आपण कधी शोधतो काय?

सारंगी थांबल्यावर आमच्यातला एकजण एका पिवळट चित्राजवळ गेला. हा गृहस्थ रंग तयार करणाऱ्या कारखान्यात काम करतो. रविवारीसुद्धा त्याच्या नखांच्या कडा निळ्या असतात. तो म्हणाला, "खाली तांबडा आहे. तो पुरता वाळायच्या आत वरचा ओढलाय, मग खरवडलाय." चित्रकार जवळच होते. ते आले. मग त्या दोघांचे जे बोलणे जुंपले, त्यात आम्हाला कोणी विचारलेही नाही!

या रीतीने काम करणारा थोर माणूस आपल्यातच होऊन गेला. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, गिरगावच्या चाळीत वाढले, १९४८ साली जे. जे. मधून पदविका घेऊन बाहेर पडले. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणणे त्यांना रुचत नसे. रूळ आणि सुरी घेऊन ते रंगाचे थर चढवीत आणि उतरवीत. वर्षाकाठी मोजकीच चित्रे होत. २००१ साली ते गेले. २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाखांना विकले गेले. हा आकडा ऐकून आमच्या सोबत्यांनी पहिला प्रश्न केला, "त्यातले त्यांना किती मिळाले?" संघटनेच्या माणसाला आनंद व्हावा असाच प्रश्न.

सूर आणि रंग यांचे नाते युरोपातही नव्या चित्रकलेच्या मुळाशी आहे. जानेवारी १९११ मध्ये म्यूनिक शहरी कॅन्डिन्स्की नावाच्या रशियन चित्रकाराने शोनबर्गचे संगीत ऐकले आणि लगोलग एक चित्र काढले. त्यात पियानोचे काळे झाकण ओळखू येते. बाकी सारा पिवळ्या रंगाचा लोंढा.

पण एवढ्या दूर जायला नको. आपल्याच जिल्ह्यात वारल्यांच्या घरी लग्न असले म्हणजे सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. आत पालघट देवी. आणि धवलेरी गाते. तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. तेथे गाणे चित्राच्या सोबतीला ठेवलेले नसते; दोन्ही मिळून एकच काम असते. भोवतीच्या झाडा-डोंगरांत नजर टाका, तसा चौकोन कोठे सापडत नाही. तो मनातून भिंतीवर आलेला आहे. अमूर्ताची आणखी कोणती ओळख हवी?

या चौकाला एक कडू बाजूही आहे. लग्नासाठी कर्ज काढणारा वारली नवराबायकोसह सावकाराकडे राबे. त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने किसान सभेने या वेठीविरुद्ध लढा उभारला, तेव्हा कुठे ती मोडली. भिंतीवरचा तो पांढरा चौक किती घरांत पुढच्या गुलामीचा पहिला दिवस ठरला असेल!

पुढे १९७० नंतर भास्कर कुलकर्णी गावोगाव हिंडले, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रे मुंबईच्या दालनात लागली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. हा मान योग्यच झाला. मात्र भिंतीवरून चित्र कागदावर आले, दालनात गेले, हॉटेलांच्या पडद्यांवर गेले, आणि धवलेरी पाड्यावरच राहिली. तिचे गाणे चौकटीत बसत नव्हते म्हणून कोणी विकत घेतले नाही.

म्हणून त्या दिवशी निघताना आम्ही सवयीने सारंगीवाल्यांपाशी थांबलो. प्रत्येक चित्राशेजारी नाव होते, किंमत होती. निमंत्रणपत्रिकेवर त्यांचा उल्लेख 'सोबत संगीत' एवढाच होता. बिदागीचा आकडा त्यांनी सांगितला. तो येथे सांगून त्यांचे पुढचे काम घालवण्याची आमची इच्छा नाही. पाहुण्यांना बरे वाटावे म्हणून गाणे ठेवायचे, सरबताच्या पेल्यासारखे, ही रीत आम्हाला पटत नाही.

आता आमच्यानंतर येथे तारपा वाजणार आहे. भोपळा, बांबू आणि ताडाचे पान, एवढ्यावर उभे असलेले ते वाद्य आहे. त्यात काय दिसते ते शेजाऱ्याला विचारू नका. वाजवणाऱ्यांचे नाव पत्रिकेवर आमच्या नावाच्या खाली नव्हे, शेजारी छापलेले आहे, आणि त्यांचे मानधन व्याख्यात्याइतकेच राहील, हे चिटणीसांकडून कबूल करून घेऊनच आम्ही येथे यायला होकार दिला.